पिवळा डबा बंद झाला

ग्राउंडहॉग, म्हणजे शेतात बिळं करणारा मांजराएवढा जाडा प्राणी, मारायला गोळी कोणती घ्यावी, हा प्रश्न मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. पिवळा डबा घ्यावा, एवढं मला ठाऊक होतं.

तो डबा कीफरच्या दुकानात, कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांमागे, डावीकडच्या फळीवर असे. मी जाऊन बोट दाखवायचो आणि ड्वाइट कीफर डबा काढून द्यायचा. त्याच्या आधी त्याचे वडील द्यायचे. डब्यावर काय छापलंय ते मी कधी पाहिलं नाही. तो डबा घ्यायला लागलो त्यानंतरची पहिली चोवीस वर्षं मला वाचता येत नव्हतं, आणि पुढे यायला लागलं तेव्हा गरज वाटली नाही. रोज भेटणाऱ्या शेजाऱ्याचं नाव कोणी त्याच्या दारावरच्या पाटीवर वाचत बसतं का?

या एप्रिलमध्ये मी बोट दाखवलं, तर बोटासमोर डबा नव्हता.

ड्वाइट म्हणाला की कारखान्यानं तो माल तीन वर्षांपूर्वीच बंद केला. शेवटचे दोन डबे त्यानं माझ्यासाठी बाजूला ठेवले होते आणि त्यातला दुसरा मी मागच्या उन्हाळ्यात नेला. हे त्यानं मला तेव्हा का सांगितलं नाही, असं विचारल्यावर म्हणाला, "तू इतका खुशीत होतास, सांगायचा धीर झाला नाही."

एरवी मी हे मनाला लावून घेतलं नसतं. फेब्रुवारीतल्या एका सणाला अख्खं राज्य ग्राउंडहॉगची सावली बघून त्याला हवामान विचारतं, उंच टोप्या घातलेली प्रतिष्ठित माणसं त्याच्यापुढे वाकतात, आणि मे-जूनमध्ये आम्ही त्याच्यावर नेम धरतो. यात काही विसंगती आहे असं आमच्या खोऱ्यात कोणाला वाटत नाही. पण या वर्षी प्रश्न छंदाचा नव्हता. प्रश्न इझ्रा पीचीच्या घोड्यांचा होता.

इझ्रा हा माझा शेजारी, जुन्या चालीच्या आमिश ख्रिस्ती पंथाचा. ट्रॅक्टर नाही, वीज नाही. गवत कापायचं यंत्र दोन बेल्जियन घोडे ओढतात. ओढ्यापलीकडच्या त्याच्या उतारावर एक थोराड ग्राउंडहॉग राहतो. गेल्या जूनमध्ये गवत गुडघ्याच्या वर वाढलेलं असताना किट नावाच्या घोडीचा पाय त्याच्या बिळात गेला आणि मोडला. मोडलेल्या पायाच्या घोडीचं पुढे काय करावं लागतं ते मी लिहीत नाही. इझ्रानं ते स्वतः केलं आणि वर्षभर त्याबद्दल एक शब्द काढला नाही. या वर्षी उरलेल्या रूबीच्या जोडीला एक नवा घोडा आला होता. इझ्रा बीळ बुजवायचा, आणि हा ग्राउंडहॉग दुसऱ्या दिवशी चार हातांवर नवं खणायचा. पिंजरा लावला तर त्यात दोनदा स्कंक सापडला, तो शेपटीखालून दुर्गंधी फवारणारा प्राणी. स्कंकला पिंजऱ्यातून सोडवणं म्हणजे काय, हे इझ्राच्या कोटाला विचारावं. तो कोट अजून कुंपणावर टांगलेला आहे.

उरली ती माझी रायफल. त्या उताराकडे कुठूनही जा, हा पठ्ठ्या दगडांच्या ढिगावर दोन पायांवर उभा राहून सगळं खोरं बघत असतो. जवळ जाणं शक्यच नाही. अलीकडच्या काठावर दगडी बांध आहे, तिथून तो बरोबर तीनशे वारांवर, आणि मागे डोंगर, म्हणजे गोळी गेली तरी मातीतच मुरणार. सदतीस वर्षं त्या बांधावरून मारायची परवानगी मला पीची घराण्यानं दिलेली आहे. आधी इझ्राच्या वडिलांनी, मग इझ्रानं. इझ्रा एवढंच म्हणाला, "पहिली कापणी जूनच्या सुरुवातीला. त्याआधी होईल ना?"

मी म्हणालो, होईल. तेव्हा मला पिवळ्या डब्याचं कळलेलं नव्हतं.

ड्वाइटच्या फळीवर आता वीस-बावीस प्रकारचे डबे होते. मला वाचता येत असल्यामुळे मी ते सगळे वाचले. ज्याला सहाव्या वर्षी वाचता येतं तो डबे चाळतो. ज्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी आलं तो एकही अक्षर वाया जाऊ देत नाही. प्रत्येक डब्यावर लिहिलं होतं की यातली गोळी बाकीच्या सगळ्या गोळ्यांपेक्षा सरळ जाते. हे सगळ्यांच्या बाबतीत खरं कसं असू शकेल, हे मी ड्वाइटला विचारलं. तो म्हणाला की ते लोकांना वाचायला बरं वाटावं म्हणून असतं, खरी गोष्ट वजनाची. तीनशे वारांवर वारा हलक्या गोळीला पाचोळ्यासारखं उडवतो. जड गोळी वाऱ्याला भीक घालत नाही. जितकी जड तितकी चांगली. त्यानं मला एक सूचिपत्र दाखवलं. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, आणि त्यात माझ्या रायफलीच्या मापाची सगळ्यात जड गोळी पंच्याहत्तर ग्रेनची होती. काळा डबा, सोनेरी अक्षरं, वर एक गरुड. आमच्या पिवळ्या डब्यावर गरुडबिरुड काही नव्हतं. मला उगाच वाटलं की इतकी वर्षं आपण गरिबीत काढली.

तो डबा मागवावा लागला, आणि इथून माझी परवड सुरू झाली. काडतुसांचं पार्सल सज्ञान माणसानं सही करून घ्यावं लागतं. पार्सलवाला आला तेव्हा मी कोंबड्यांच्या खुराड्यात होतो. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी दिवसभर ओसरीवर बसून होतो, फक्त तेवढ्या पाच मिनिटांत आत गेलो होतो, कुठे ते सांगायची गरज नाही. माझी बायको नेड्रा घरात होती, सही करायला तयार होती, पण तिचं ओळखपत्र तिच्या पर्समध्ये, पर्स गाडीत आणि गाडी दुरुस्तीला. तिसऱ्यांदा तो आला की नाही कोणास ठाऊक, दारावर चिठ्ठी मात्र होती. पार्सल चाळीस मैलांवरच्या गोदामात परत गेलं. मी तिथे गेलो. खिडकीतल्या बाईनं माझं ओळखपत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि ते गेल्या मंगळवारी संपल्याचं सांगितलं. मी म्हणालो, बाई, माझ्याकडे बघा, मी सज्ञान दिसत नाही का? तिनं बघितलं. अगदी नीट बघितलं. मग म्हणाली, "दिसता. पण तारीख दिसत नाही."

ओळखपत्राचं नूतनीकरण करण्यात आठ दिवस गेले. मे महिना अर्धा सरला. गवत मांडीला लागलं.

अखेर काळा डबा हातात आला. मी नेड्राला विचारलं की माझी नारिंगी टोपी कुठे आहे, कारण आमच्याकडे ग्राउंडहॉगच्या शिकारीला डोक्यावर नारिंगी असावंच लागतं. तिनं ती कपाटातून काढून दिली. मी बांधावर जाऊन आडवा झालो आणि पहिली गोळी सोडली.

ग्राउंडहॉग पळाला नाही. गोळी त्याच्या उजवीकडे दहा फुटांवर मातीत घुसली. त्यानं मान वळवून त्या जागेकडे पाहिलं, जसा आपण शेजाऱ्याच्या घरचा पाहुणा बघतो. दुसरी त्याच्या वरून गेली. तिसरी कुठे गेली ते मला कळलं नाही आणि त्याच्या चेहऱ्यावरून त्यालाही कळलं नसावं. त्यानंतर तो खाली बसला आणि क्लोव्हरचा पाला खाऊ लागला. मी पुष्कळ ग्राउंडहॉग पाहिले आहेत. पण माझ्यावर एवढा विश्वास टाकणारा हा पहिलाच.

मी चौथी मारली नाही. नेम माहीत नसताना जिवावर गोळी सोडू नये, हे मला कोणी शिकवावं लागत नाही. त्या प्राण्याचाही काही मान आहे.

बांधावरून मी परत येईपर्यंत ड्वाइटच्या दुकानात बातमी पोचलेली होती. कशी, ते विचारू नका. ड्वाइट म्हणाला, वय झालं, डोळे दाखवून घे. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं डोळ्यांत थेंब घातले, मला दिवसभर जगातलं काही दिसेना, आणि शेवटी सांगितलं की डोळे उत्तम आहेत. मग कोणी म्हणालं रायफलीवरची दुर्बीण ढिली झाली असेल. मी ती काढली, पुसली, घट्ट बसवली, आणि बसवताना एक स्क्रू इतका घट्ट केला की त्याचं डोकं माझ्या हातात आलं; नवा स्क्रू बसवण्यात आणखी एक दिवस गेला.

मग माझा मेहुणा मर्ल मैदानात उतरला. मर्ल काडतुसं घरी भरतो. त्याचं मत असं की बाजारच्या काडतुसांत दारू कमीजास्त असते आणि सगळा दोष त्यातच आहे. त्यानं माझ्या जड गोळ्या काढून घेतल्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तराजू मांडला. हा तराजू इतका नाजूक, की कोणी दार उघडलं तरी काटा हलतो. माझी बहीण आयलीन दोन दिवस चूल पेटवू शकली नाही, खिडकी उघडू शकली नाही, आणि तिला वसंतात पराग बाधतो म्हणून शिंका येतात, तर तिला गोठ्यात जाऊन शिंकावं लागलं. तिसऱ्या दिवशी मर्लनं वीस काडतुसं माझ्या हातावर ठेवली, जणू वीस हिरे. प्रत्येक हुबेहूब दुसऱ्यासारखं. मला त्याचं खरोखर कौतुक वाटलं. माझ्या मेहुण्याला बाकी कशातही इतकं नेटकेपण नाही. लग्नाला तो वेगवेगळे मोजे घालून आला होता.

आता ती कागदावर मारून बघायची होती. शिकारी क्लबच्या मैदानावर नेम तपासायला जावं, तर त्यासाठी सुरक्षेचे नियम वाचल्याची सही लागते. माझ्या पुढच्या दोघांनी न वाचताच सही केली. मी म्हणालो, वाचल्याची सही आहे तर वाचून करीन. अकरा पानं होती. माझ्यामागे सात माणसं उभी होती, नंतर बारा झाली. नवव्या पानावर मला एक चूक सापडली. तिथे म्हटलं होतं की लाल झेंडा खाली असताना गोळी मारू नये, आणि तिसऱ्या पानावर म्हटलं होतं की वर असताना मारू नये. म्हणजे गोळी मारायची तरी कधी? क्लबच्या अध्यक्षांना बोलवावं लागलं. त्यांनी दोन्ही पानं वाचली, रांगेकडे पाहिलं, आणि माझे आभार मानले. आभार मानताना त्यांचे दात एकमेकांवर घट्ट होते.

शंभर वारांवर कागद लावला. मर्लची पाच काडतुसं मारली. कागद काढून आणला तेव्हा सगळे माझ्याभोवती जमले. पाच भोकं पाच कोपऱ्यांत होती. चार कोपऱ्यांच्या कागदात पाच कोपरे कसे, हे बघितल्याशिवाय कळणार नाही. पण खरी गंमत भोकांच्या आकाराची. गोळीचं भोक गोल असतं. ही लांबट होती, प्रत्येक गोळीची पूर्ण बाजू कागदावर उमटलेली. गोळ्या तोंडानं न जाता आडव्या पडून गेल्या होत्या.

मर्ल म्हणाला कागद ओला असेल. कोणी म्हणालं वारा. ऊन पडलेलं होतं आणि कुंपणावरचं पानही हलत नव्हतं. मग अध्यक्ष, ज्यांना मी आवडत नव्हतो, तेच म्हणाले, "रिशेलबाईंकडे ने."

रिशेलबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. नवरा बंदुका दुरुस्त करायचा, तो जाऊन दहा वर्षं झाली. दुकानावर पाटी त्याच्या नावाची होती, पण जुने लोक सांगतात की लाकडाचं काम तो करायचा आणि नळीचं काम बाई. मी गेलो तेव्हा त्या अंगणात टेबल टाकून रुबार्बच्या भाजीचे आंबट देठ कापत होत्या. मी सगळी हकिगत सांगू लागलो. डोळ्यांच्या थेंबांपर्यंत आलो तेव्हा त्यांनी हात पुढे केला.

"बोलणं राहू दे हार्लन. बंदूक दे."

त्यांनी नळीमागचा सरकता बोल्ट काढला, नळीत डोकावून पाहिलं. मग घरातून साफ करायची सळई आणली, तिच्या टोकाला घट्ट चिंधी गुंडाळली, सळईवर नातीच्या लाल नखरंगाचा एक ठिपका दिला आणि ती हळूहळू नळीत ढकलू लागल्या. नळीच्या आतल्या आट्यांप्रमाणे सळई फिरत आत जाते. ठिपका पूर्ण एक गिरकी घेऊन परत वर आला, तिथे त्या थांबल्या. शिवणकामाच्या टेपनं आत गेलेली लांबी मोजली. पुन्हा एकदा सगळं केलं, पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा माप तेच आलं. मी आयुष्यभर गिरणीत लाकूड कापलं आहे, चांगला हात कसा असतो ते मला कळतं. मी टोपी काढून हातात घेतली.

"चौदा इंचांत एक गिरकी," त्या म्हणाल्या. "जुनी नळी, सावकाश फिरवते. पूर्वी सगळे हलक्या गोळ्या मारायचे, त्यांना हे पुरतं. जड गोळी म्हणजे लांब गोळी. लांब भोवरा सावकाश फिरवून बघ, उभा राहतो का. पंच्याहत्तर ग्रेन या नळीतून कोण मारतं?"

मी ड्वाइटचं नाव घेतलं नाही. अजून मला त्याच्या दुकानात जायचं होतं.

"आधी काय वापरत होतास?"

"पिवळा डबा."

"आणि त्यात काय होतं?"

मी रुबार्बच्या देठांकडे पाहत राहिलो.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"सदतीस."

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे माझ्यावर उपकार. सुरी पुन्हा हातात घेऊन म्हणाल्या की पंचावन्न ग्रेनची घे, त्याहून जड नको. कुठल्याही कंपनीची चालेल. तीन गोळ्यांची भोकं एका कोटाच्या बटणाखाली झाकली गेली तर बांधावर जा, नाहीतर परत ये. वाऱ्याचं काय, असं मी विचारलं. "वारा असेल तर थांब. वारा थांबतो. तो काही ड्वाइट कीफर नाही."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

पंचावन्न ग्रेनचा डबा ड्वाइटच्या दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर होता. हिरवा, गरुड नसलेला, वर कोंबड्यांच्या खाद्याची धूळ. एप्रिलमध्ये मी तो वाचला होता आणि साधा म्हणून सोडून दिला होता. दुसऱ्या दिवशी क्लबवर तीन गोळ्या मारल्या. मर्लनं स्वतःच्या कोटाचं बटण भोकांवर धरलं. तिन्ही झाकली गेली. मर्ल लगेच म्हणाला की तो पहिल्यापासून दारूला नाही, गोळीलाच दोष देत होता. अध्यक्षांनी माझ्या हातात हात दिला आणि नियमांचं नववं पान दुरुस्त केल्याचं सांगितलं.

तीन जूनला सकाळी इझ्राकडून निरोप आला. चार दिवस कोरडे जातील असं त्याला वाटत होतं, आणि तो उजाडताच घोडे जुंपून तयार होता. मी बांधावर गेलो. इझ्रा वाटेवर, रूबी आणि नव्या घोड्याच्या तोंडाशी उभा होता. रूबी त्या उताराकडे बघून एक पाय पुढे टाकायची आणि मागे घ्यायची. तिला गेल्या वर्षीचं आठवत होतं की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही.

मी आडवा झालो. गवताचे शेंडे डावीकडून झुकत होते. मी थांबलो. दुर्बिणीत तो दिसला. दगडांच्या ढिगावर ताठ उभा, पुढचे पंजे पोटावर, दवानं केस भिजलेले. सहा बिळं, तीन वाटा, एक सुटकेची आणि एक फसवी, हे सगळं त्यानं एकट्यानं, दातांनी आणि नखांनी केलं होतं. पंचक्रोशीत इतकं चोख काम करणारी एक रिशेलबाई आणि दुसरा हाच. गवत इझ्राचं नसतं आणि घोडे त्याचे नसते, तर मी तिथून उठून घरी आलो असतो.

शेंडे सरळ झाले. मी अर्धा श्वास सोडला आणि चाप ओढला.

तो जागच्या जागी खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. त्याला काही कळलं नसावं. मला तेवढंच हवं होतं.

इझ्रा फावडं घेऊन ओढा ओलांडून गेला. सहाही बिळं त्यानं दगडमातीनं भरली आणि प्रत्येकावर उभा राहून दोन्ही पायांनी नाचला, निदान लांबून तसं दिसलं. परत येऊन त्यानं लगाम धरला. यंत्र उतारावर चढलं. किट जिथे पडली होती तिथे रूबी क्षणभर थबकली. इझ्रानं लगाम ओढला नाही, तिला वेळ दिला. मग ती आपणहून पुढे गेली, आणि तिच्यामागे गवत आडवं पडत गेलं, एका रेषेत, वरपर्यंत.

वळणावर परत आल्यावर इझ्रानं घोडे थांबवले. "गोळी कोणती होती?"

"पंचावन्न ग्रेन."

"पिवळ्या डब्यातली?"

"हिरव्या."

त्यानं यावर बराच विचार केला. "बरं," म्हणाला, आणि घोड्यांना चुचकारलं. इझ्राकडून आलेला हा शब्द मी अजून जपून ठेवला आहे.

दुपारी घरी जेवायला बसलो तेव्हा नेड्राचं लक्ष माझ्या सदऱ्याकडे गेलं. दगडांवर पोट घासून पुढचं बटण तुटलं होतं. सदरा काढ म्हणाली. मी बनियनवर बसून तिला सगळं सांगू लागलो. नळीतले आटे, चौदा इंच, लांब भोवरा, आणि सहा आठवडे सगळं खोरं पालथं घातल्यावर एका चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईनं कसा तो आकडा शोधून काढला. नेड्रानं शिवणाची टोपली पुढे ओढली आणि तिच्यातून बटणांचा डबा काढून टेबलावर ठेवला.

पिवळा होता.

मी तो उचलला. आतली बटणं खुळखुळली. झाकणाच्या कडेवर, माझ्या अंगठ्याएवढ्या अक्षरांत, पंचावन्न ग्रेन असं छापलेलं होतं. मी ते दोनदा वाचलं.

"हा इथे कधीपासून आहे?"

"मागच्या उन्हाळ्यात तू रिकामा केलास तेव्हापासून. आधीचा फाटला होता."

"नेड्रा, सहा आठवडे मी हाच आकडा सगळ्यांना विचारत फिरत होतो."

तिनं सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि बटण जागेवर धरून पाहिलं.

"सगळ्यांना," ती म्हणाली. "मला फक्त नारिंगी टोपी कुठे आहे ते विचारलंस. ती मी लगेच काढून दिली."